संशयितापासून साक्षीदारापर्यंत : पन्नासच्या दशकातले गुन्हेपट आणि जॅझ

रात्रीचा ओला रस्ता, दुकानांवरचे निऑन दिवे आणि कुठून तरी येणारा सॅक्सोफोनचा सूर. जुना गुन्हेपट म्हटला की हे सगळं एकत्रच आठवतं. पण ही जोडी आपण समजतो तितकी जुनी नाही. १९४०च्या दशकातल्या ज्या काळोख्या अमेरिकन चित्रपटांना आज ‘फिल्म न्वार’ म्हणतात, त्यांतल्या बहुतेकांचं पार्श्वसंगीत व्हायोलिनांच्या मोठ्या वाद्यवृंदाचं आहे. गुन्हेपटांच्या आणि गंभीर नाट्यपटांच्या पार्श्वसंगीतात जॅझनं खरं घर केलं ते १९५१ ते १९५९ या काळात.

या काळात फक्त वाद्यं बदलली नाहीत, जॅझकडे पाहण्याची नजरही बदलली. आधी पडद्यावर जॅझ वाजलं की प्रेक्षकानं ओळखायचं, इथे काहीतरी वाईट घडणार. दशक संपेपर्यंत तेच जॅझ माणसाच्या मनातली घालमेल सांगू लागलं होतं. हा बदल कसा झाला, कुणी घडवला आणि त्यात काय निसटलं, ते क्रमानं पाहू.

आधी काय होतं

बोलपट आल्यानंतर हॉलिवूडच्या पार्श्वसंगीताला आकार दिला तो मुख्यतः युरोपातून आलेल्या संगीतकारांनी. मॅक्स स्टाइनर व्हिएन्नात जन्मलेले, एरिक वोल्फगांग कॉर्नगोल्ड व्हिएन्नात वाढलेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं युरोपीय वाद्यवृंदसंगीत त्यांच्या हाडीमांसी भिनलेलं होतं. मोठ्या स्टुडिओंकडे पगारी वाद्यवृंद असत. प्रेम असो, खून असो की वादळ, सगळं त्याच वाद्यवृंदातून उमटायचं.

जॅझ चित्रपटात होतं, पण कथेच्या आत. कुणी क्लबात शिरलं की बँड वाजायचा, बाहेर पडलं की थांबायचा. आणि तो क्लब बहुधा धोक्याची जागा असायचा. रॉबर्ट सिऑडमॅक यांच्या ‘फँटम लेडी’मध्ये (१९४४) तळघरातल्या मैफलीत एक ड्रमवादक वासनेच्या भरात बेभान होऊन वाजवतो. ‘डी.ओ.ए.’मध्ये (१९५०) सान फ्रान्सिस्कोतल्या जॅझ क्लबात घामाघूम वादक बेफाम वाजवत असताना नायकाचा पेला बदलला जातो आणि त्याच्या पोटात विष जातं. नायक बिचारा हिशेबनीस, गावाहून सुटीला आलेला. जॅझच्या अड्ड्यावर गेला आणि प्राणाला मुकला, असा त्या मांडणीचा रोख आहे.

यामागे वांशिक पूर्वग्रह होता, हे स्पष्ट म्हणायला हवं. जॅझ कृष्णवर्णीय अमेरिकनांनी घडवलेलं संगीत. दारूबंदीच्या काळात ते टोळ्यांच्या ताब्यातल्या क्लबांमध्ये वाजलं, कारण काम तिथे मिळत होतं. प्रतिष्ठित गोऱ्या समाजानं वादकांच्या कलेपेक्षा त्या जागांची बदनामीच जास्त लक्षात ठेवली.

जॅझ पार्श्वसंगीताला का जमतं आणि का जमत नाही

जॅझच्या मुळाशी ब्लूज आहे. ब्लूजमधले काही स्वर ठरल्या जागेवरून किंचित खाली ओढलेले असतात. आपल्या कानाला सांगायचं तर गांधार आणि निषाद शुद्धाच्या जागेवरून उतरलेले, पण दर वेळी कोमलावर पुरते न टेकलेले. त्या अधांतरी जागेमुळे सुराला एक दुखरेपणा येतो, आणि तो कुठलाही शब्द न वापरता मनातलं द्वंद्व सांगू शकतो.

दुसरं म्हणजे वाद्यांचा आवाज. जॅझचा ट्रम्पेटवादक वाद्याच्या कर्ण्याशी म्यूट लावून आवाज पातळ करतो, सॅक्सोफोनवादक सुरात श्वासाची खरखर येऊ देतो, ड्रमवर काठ्यांऐवजी तारांचे ब्रश फिरतात. पाच-सहा माणसांचा चमू असला तर प्रत्येकाचा आवाज वेगळा ऐकू येतो. एकट्या माणसाच्या कथेला असा एकटा आवाज चांगला साथ देतो.

अडचण आहे ती मोजमापाची. चित्रपटाचं संगीत सेकंदांच्या हिशेबानं लिहिलं जातं. दार उघडलं की सूर बदलला पाहिजे, गोळी सुटली की थांबला पाहिजे. संगीतकार स्टॉपवॉच घेऊन बसतो, वादकांच्या कानात तालाचे ठोके देणारा क्लिक ट्रॅक असतो. जॅझचा प्राण मात्र उत्स्फूर्त वादनात. वादकाला पुढच्या आवर्तनात काय सुचेल, ते त्यालाही आधी ठाऊक नसतं. या पेचातून दोन वाटा निघाल्या. एक, जॅझच्या धाटणीचं संगीत लिहून काढायचं आणि मध्ये वादकांना मोकळी जागा ठेवायची. दोन, वादकांना थेट पडद्यासमोर बसवून वाजवू द्यायचं. हॉलिवूडनं पहिली वाट धरली, पॅरिसनं एकदा दुसरी धरून दाखवली.

१९५१ : न्यू ऑर्लिन्सचा उकाडा

पहिली मोठी फट पाडली ती ॲलेक्स नॉर्थ यांनी. इलिया कझान यांच्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’चं संगीत त्यांचं. कथा न्यू ऑर्लिन्समध्ये घडते, म्हणजे जॅझच्या माहेरी. त्यामुळे शेजारच्या बारमधून जॅझ ऐकू येणं स्वाभाविकच होतं. नॉर्थ यांनी पुढचं पाऊल टाकलं. बारमधलं ते संगीत त्यांनी हळूहळू पार्श्वसंगीतात मिसळलं, इतकं की ते बाहेर वाजतंय की नायिका ब्लांशच्या मनात, हे सांगता येऊ नये.

याचा परिणाम किती झाला, हे विरोधातून कळतं. कॅथलिक लीजन ऑफ डीसेन्सी या संघटनेच्या दबावामुळे प्रदर्शनापूर्वी चित्रपटाला कात्री लागली. ब्लांशची बहीण स्टेला जिना उतरून नवऱ्याकडे परत येते, त्या प्रसंगाचं संगीत अति कामुक ठरवलं गेलं आणि त्या जागी सौम्य संगीत घालावं लागलं.  आक्षेप सुरांवरही होता! मूळ प्रसंग आणि मूळ संगीत १९९३मध्ये पुन्हा जोडलं गेलं.

१९५५ : ड्रमवर टेकलेली आशा

ऑटो प्रेमिंजर यांच्या ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’मध्ये फ्रँक सिनात्रानं हेरॉइनच्या व्यसनातून सुटू पाहणाऱ्या पत्तेवाल्या फ्रँकीची भूमिका केली. हॉलिवूडच्या त्या वेळच्या ‘प्रॉडक्शन कोड’ या नियमावलीनुसार अमली पदार्थांचा विषय वर्ज्य होता. चित्रपटाला संमतीचा शिक्का मिळाला नाही, तरी युनायटेड आर्टिस्ट्सनं तो प्रदर्शित केला. पुढच्याच वर्षी कोड शिथिल झाला.

संगीत एल्मर बर्नस्टीन यांचं. त्यांनी जॅझच्या ब्रास वाद्यांचा दणदणीत, घुसमटवणारा घोष आणि सिम्फनीची बांधणी यांची सांगड घातली. ट्रम्पेटवादक शॉर्टी रॉजर्स आणि ड्रमवादक शेली मॅन हे या कामात त्यांच्या सोबत होते, आणि दोघेही चित्रपटात स्वतःच्याच नावानं दिसतात. सिनात्राला ड्रमवादनाचे धडे मॅननी दिले.

कथेत जॅझची जागा कुठे आहे, हे इथे नीट पाहण्यासारखं आहे. फ्रँकीला ड्रमवादक व्हायचंय. पत्त्यांचा अड्डा आणि सुई त्याला खाली खेचतात, ड्रम हा वर येण्याचा रस्ता असतो. पण बँडमधल्या चाचणीच्या वेळी व्यसनानं थरथरणारे हात त्याला दगा देतात. चित्रपटाच्या सुरांत नशेचं भय जॅझमधूनच येतं आणि सुटकेची आशाही जॅझमधूनच. चित्रपटाच्या यशानंतर बऱ्याच निर्मात्यांनी त्यातलं भयच तेवढं उचललं. व्यसन किंवा गुन्हा दाखवायचा तर ब्रास वाजवा, असा साचा पडायला सुरुवात झाली.

वादक आले कुठून

चाळीसच्या दशकाच्या अखेरीस नाचघरांतल्या मोठ्या बँडांचे दिवस संपत आले. स्टॅन केंटन यांच्यासारख्यांच्या बँडमधून बाहेर पडलेले बरेच वादक लॉस एंजेलिस परिसरात स्थिरावले. त्यांना स्वरलिपी झरझर वाचता येत होती आणि उत्स्फूर्तही वाजवता येत होतं. स्टुडिओंना नेमकी अशीच माणसं हवी होती.

पण दार सगळ्यांना सारखं उघडं नव्हतं. लॉस एंजेलिसमध्ये वादकांच्या दोन संघटना होत्या : गोऱ्यांची लोकल ४७ आणि कृष्णवर्णीयांची लोकल ७६७. स्टुडिओंतलं चांगल्या पैशांचं काम मुख्यतः पहिलीच्या सभासदांना मिळे. बडी कॉलेट यांच्यासारख्या कृष्णवर्णीय वादकांनी एकीकरणासाठी झगडा दिला आणि १९५३मध्ये दोन्ही संघटना एक झाल्या. भेदभाव त्या दिवशी संपला नाही, पण संघटनांमधली भिंत पडली.

चार वर्षांनी, १९५७मध्ये, ‘स्वीट स्मेल ऑफ सक्सेस’मध्ये कृष्णवर्णीय ड्रमवादक चिको हॅमिल्टन यांचा मिश्रवर्णीय चमू पडद्यावर वाजवताना दिसला. त्यात फ्रेड कॅट्झ यांचा चेलो आहे, जॅझमध्ये तेव्हा क्वचित ऐकू येणारा. बाकी पार्श्वसंगीत बर्नस्टीन यांचं, आणि जेम्स वाँग हाव यांच्या कॅमेऱ्यातलं रात्रीचं न्यूयॉर्क. कथेत एक सत्तांध वृत्तपत्रीय स्तंभलेखक बहिणीच्या प्रियकराला, एका तरुण जॅझ गिटारवादकाला, संपवायला निघतो. कसं, तर तो गांजा ओढतो आणि कम्युनिस्ट आहे अशी आवई उठवून. सगळ्या चित्रपटात सरळ माणूस कोण, तर हा वादक. जॅझविषयीचा पूर्वग्रह इथे खलनायकाच्या हातातलं हत्यार झाला आणि प्रेक्षकाला तो पूर्वग्रह समोर ठेवून पाहावा लागला.

पॅरिसमधली एक रात्र

त्याच वर्षाच्या अखेरीस माइल्स डेव्हिस पॅरिसमध्ये कार्यक्रम करत होते. पंचविशीतला दिग्दर्शक लुई माल पहिला कथापट पूर्ण करत होता : ‘असांसर पूर लेशाफो’, म्हणजे फाशीच्या तख्ताकडे नेणारी लिफ्ट. डेव्हिस यांनी संगीत द्यावं, असं ठरलं. ४ डिसेंबर १९५७च्या रात्री ल पोस्त पारिझियां या स्टुडिओत पाच जण जमले. ट्रम्पेटवर डेव्हिस, सॅक्सोफोनवर बार्नी विलन, पियानोवर रने उर्त्रेजे, डबल बेसवर पिएर मिशलो आणि ड्रमवर केनी क्लार्क. डेव्हिस आणि क्लार्क अमेरिकन, बाकी तिघे फ्रान्समधले.

लिहिलेलं संगीत जवळजवळ नव्हतं. डेव्हिस यांनी चित्रपट आधी पाहिला होता आणि काही मोजक्या स्वरसंगती मनाशी ठरवल्या होत्या. निवडक प्रसंग पडद्यावर पुन्हा पुन्हा दाखवले गेले आणि वादक ते पाहत वाजवत गेले. पहाट व्हायच्या सुमारास काम संपलं. पूर्ण चित्रपटात हे संगीत सुमारे १८ मिनिटंच आहे, पण चित्रपट आठवतो तो त्या सुरांसकट.

कथेत ज्युलियन आपल्या मालकाचा खून करतो, मालकाच्या बायकोच्या प्रेमासाठी. विसरलेला दोर आणायला तो परत जातो, रखवालदार वीज बंद करतो आणि ज्युलियन लिफ्टमध्ये अडकतो. तिकडे मालकाची बायको फ्लॉरेन्स, म्हणजे अभिनेत्री जान मोरो, तो आपल्याला सोडून पळाला असं समजून रात्रभर रस्त्यांवर हिंडते. कॅमेरामन आंरी दकाए यांनी दुकानांच्या उजेडात, वेगळे दिवे न लावता, हे चित्रण केलं. कॅमेरा लहान मुलांच्या बाबागाडीत ठेवला होता.

या भटकंतीवर ट्रम्पेट वाजतं. ते फ्लॉरेन्सच्या पावलांशी ताल जुळवत नाही, तिचे अश्रू अधोरेखित करत नाही. तिच्या मनात जे आहे, तेच एकटं चालत राहतं. इथे बँड कुठेही दिसत नाही, क्लब नाही, पेला नाही. जॅझ पहिल्यांदाच इतक्या मोकळेपणानं एका माणसाच्या आत शिरलं. संगीताच्या अंगानंही ही रात्र महत्त्वाची होती. भराभर बदलणाऱ्या स्वरसंगतींऐवजी एकाच स्वरश्रेणीच्या चौकटीत रेंगाळत विस्तार करण्याची जी रीत इथे दिसते, तीच डेव्हिस यांच्या १९५९च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममध्ये पूर्णत्वाला गेली.

१९५८ : तीन वेगळे प्रयोग

रॉबर्ट वाइज यांचा ‘आय वाँट टू लिव्ह!’ हा बार्बरा ग्रॅहम या स्त्रीच्या खऱ्या खटल्यावर आधारलेला. तिला १९५५मध्ये कॅलिफोर्नियातल्या सान क्वेंटिन तुरुंगात देहदंड दिला गेला. संगीतकार जॉनी मँडेल पूर्वी बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवत. त्यांनी पूर्ण पार्श्वसंगीत जॅझमध्ये बांधलं आणि वादनासाठी जेरी मलिगन, आर्ट फार्मर, शेली मॅन यांच्यासारखे नामवंत घेतले. ग्रॅहम स्वतः मलिगनची चाहती होती, त्यामुळे हे सूर तिच्या आवडीतून आले, बाहेरून लादलेले वाटत नाहीत.

‘टच ऑफ ईव्हिल’मध्ये ऑर्सन वेल्स यांना पार्श्वसंगीत शक्यतो दृश्यातूनच यायला हवं होतं : गाडीतला रेडिओ, बारमधला बँड, रस्त्यावरचे भोंगे. हेन्री मँचिनी यांनी त्याला लॅटिन लयीची जोड दिली. सुरुवातीच्या त्या प्रसिद्ध लांबलचक शॉटवर स्टुडिओनं श्रेयनामावली आणि शीर्षकसंगीत घातलं. वेल्स यांच्या ५८ पानी टिपणाच्या आधारे १९९८मध्ये नवं संकलन झालं, तेव्हा ते काढून रस्त्यावरच्या आवाजांची सरमिसळ परत आणली गेली.

तिसरा प्रयोग टीव्हीवरचा. ‘पीटर गन’ या खासगी गुप्तहेराच्या मालिकेसाठी मँचिनी यांनीच दिलेलं जॅझ घराघरांत पोचलं. पहिल्यावहिल्या ग्रॅमी पुरस्कारांत वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान त्याला मिळाला. लोकप्रियतेचं हे शिखर, आणि घसरणीची सुरुवातही. दर आठवड्याला तेच सूर वाजू लागले की ते लवकरच ठरीव खूण बनून जातात.

१९५९ : एलिंग्टन आणि लुईस

माझ्या मते या प्रवासाचा कळस १९५९मध्ये आहे.

प्रेमिंजर यांनी ‘ॲनाटॉमी ऑफ अ मर्डर’साठी ड्यूक एलिंग्टन यांना बोलावलं. एलिंग्टन आणि त्यांचे सहकारी बिली स्ट्रेहॉर्न मिशिगनच्या उत्तर भागात, प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या जागी, जाऊन राहिले. इथे निऑन दिवे नाहीत, महानगर नाही. खाणी, जंगलं आणि मासेमारी यांचा मुलूख आहे. जेम्स स्टुअर्टनं रंगवलेला वकील फावल्या वेळात जॅझ पियानो वाजवतो, आणि एका प्रसंगात खुद्द एलिंग्टन त्याच्या शेजारी बसून वाजवतात. म्हणजे कायद्याच्या बाजूचा, विचार करणारा माणूस जॅझचा रसिक आहे. न्यायालयात युक्तिवाद सुरू झाले की संगीत बहुतेक माघार घेतं. खरं कोण बोलतंय, याचा निर्णय ते प्रेक्षकावर सोडतं. या संगीताला तीन ग्रॅमी मिळाले. चित्रपटाला ऑस्करची सात नामांकनं होती, त्यांत संगीताचं मात्र नव्हतं.

त्याच वर्षी वाइज यांनी ‘ऑड्स अगेन्स्ट टुमॉरो’ केला. निर्मिती हॅरी बेलाफोंटे यांच्या कंपनीची. बेलाफोंटेनं कर्जात बुडालेल्या गायक-व्हायब्राफोनवादकाचं काम केलंय. बँक लुटण्याची योजना फसते ती पोलिसांमुळे कमी आणि एका साथीदाराच्या वर्णद्वेषामुळे जास्त. संगीत मॉडर्न जॅझ क्वार्टेटच्या जॉन लुईस यांचं. व्हायब्राफोनवर मिल्ट जॅक्सन, पियानोवर बिल एव्हान्स, गिटारवर जिम हॉल. लुईस यांनी भडक घोष टाळला. थंड, मोजके सूर, मध्ये शांतता, आणि त्यातून येणारी धास्ती. ज्या समाजानं या संगीताकडे संशयानं पाहिलं, त्याच समाजाच्या दुखण्याची साक्ष इथे तेच संगीत देतं.

मुंबई आणि गोव्याचा धागा

याच सुमारास मुंबईतही शहरी गुन्हेपट बहरले : गुरुदत्त यांचा ‘बाजी’ (१९५१) आणि ‘आर-पार’ (१९५४), राज खोसला यांचा ‘सी.आय.डी.’ (१९५६). आणि मुंबईत जॅझही होतं, ते मुख्यतः गोव्याच्या वादकांच्या हातात. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळांमधून त्यांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकायला मिळाली होती. रात्री हॉटेलांत बँड आणि दिवसा चित्रपटांच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण, असा अनेकांचा दिनक्रम असे. अल्दोन्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांनी पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांच्यासोबत काम केलं. भगवानदादांच्या ‘अलबेला’त (१९५१) ते बँडसह पडद्यावरही दिसतात. सेबॅस्टियन डिसोझा यांनी ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्यासाठी वाद्यवृंदाचं संयोजन केलं.

फरक एवढाच की आपल्याकडे गाण्याला पहिला मान. त्यामुळे जॅझ बहुधा क्लबातल्या गाण्यात फुललं, नायकाच्या एकटेपणापर्यंत क्वचित गेलं. वाद्यं वाजवणाऱ्यांची आणि संयोजकांची नावं श्रेयनामावलीत क्वचितच आली. ही आपली थकबाकी आहे, आणि ती ओळखणं हा त्या सुरांवर प्रेम करण्याचाच भाग आहे.

पुढे काय झालं

साठच्या दशकात हा प्रवाह अनेक दिशांना पसरला. गोदारच्या पहिल्या कथापटाला, ‘आ बू द सूफ्ल’ला (१९६०), मार्सियाल सोलाल यांचं जॅझ लाभलं. पोलंडमध्ये स्टालिनच्या काळात जॅझकडे वक्र नजरेनं पाहिलं जाई, पण तिथेच क्षिश्तोफ कोमेदा यांनी पोलान्स्कीच्या ‘नाइफ इन द वॉटर’साठी (१९६२) नावेवरच्या तीन माणसांतला ताण जॅझमध्ये मांडला. अमेरिकेत क्विन्सी जोन्स यांनी ‘द पॉनब्रोकर’ला (१९६४) संगीत दिलं.

मग रॉक आलं, तयार गाणी वापरण्याची रीत आली आणि जॅझ बाजूला पडलं. सत्तरच्या दशकात ‘चायनाटाउन’मधलं ट्रम्पेट आणि ‘टॅक्सी ड्रायव्हर’मधला सॅक्सोफोन परतले, पण आता गेलेल्या काळाची आठवण घेऊन. ओला रस्ता आणि सॅक्सोफोन हे चित्र आपल्या मनात इतकं पक्कं झालंय, त्यात या नंतरच्या आठवणींचा वाटा मोठा आहे.

कुठून सुरुवात करावी

तीन चित्रपट या क्रमानं पाहावेत : ‘स्वीट स्मेल ऑफ सक्सेस’, मालचा लिफ्टचा चित्रपट, आणि ‘ॲनाटॉमी ऑफ अ मर्डर’. पाहताना तीन प्रश्न मनाशी ठेवावेत. हे संगीत दृश्यातलं कुणी वाजवतंय की ते फक्त आपल्याला ऐकू येतंय? ते कुणाच्या बाजूनं आहे? आणि ते कुठे थांबतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सहसा सगळ्यात जास्त शिकवतं.

नंतर एलिंग्टन यांचा अल्बम चित्रपट बाजूला ठेवून ऐकावा. पार्श्वसंगीताची ती सगळ्यात कडक परीक्षा, कारण चित्र काढून घेतल्यावर बरंचसं संगीत लुळं पडतं. हे पडत नाही. एलिंग्टन आणि स्ट्रेहॉर्न यांना त्या माणसांविषयी, त्या गावाविषयी स्वतःचं काही सांगायचं होतं. जॅझला चित्रपटात बोलायची पूर्ण मुभा मिळाली तेव्हा ते किती समंजसपणे बोललं, हे त्या सुरांत आजही ऐकता येतं.